माणशी अर्धा एकर

पुरंदर तालुक्याची आणि आम्हां पुणेकरांची ओळख मुख्यतः मंडईतली. पावसाळा अर्धा सरला की सीताफळांच्या पाट्या येऊ लागतात, मागोमाग वाटाण्याची पोती येतात, आणि उन्हाळा तोंडावर आला की पानांवर मांडलेली अंजिरे दिसू लागतात. या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले; म्हणजे ‘पुरंदरचे अंजीर’ हे नाव पैठणीसारखे कायद्याने राखीव झाले. भाविक मंडळी जेजुरीला जातात, तरुण मंडळी पुरंदर किल्ल्यावर जातात, आणि वारीच्या दिवसांत ज्ञानोबांची पालखी दिवे घाट कशी चढते हे पाहायला निम्मे पुणे लोटते. एवढे येणेजाणे असूनही एक साधा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. घाटमाथ्यावरून पलीकडे पाहिले, की पावसाळ्याचे दोन-तीन महिने सोडता नजर पोहोचेल तिथवर उघडे, तांबूस-करडे माळ दिसतात. मग ही फळे पिकतात ती कोणत्या पाण्यावर?

मी मराठी शिकवतो, शेती नव्हे. तेव्हा हा प्रश्न मलाही पुस्तकातूनच भेटला. जोतीराव फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ सालच्या पुस्तकाच्या अखेरच्या प्रकरणात सरकारने शेतकऱ्यासाठी काय काय करावे याची एक यादीच आहे. परीक्षेच्या दृष्टीने ते प्रकरण फारसे महत्त्वाचे धरले जात नाही. जोतीरावांची धारदार भाषा, भटशाहीवरचा हल्ला, शेतकऱ्याच्या घराचे जिवंत वर्णन, यांवर प्रश्न येतात. बांधबंदिस्तीवर येत नाहीत. पण एके दिवशी वर्गातल्या एका मुलीने यादी वाचून झाल्यावर सरळ विचारले, “सर, मग सरकारनं हे केलं का?” प्रश्न वाङ्मयाचा नव्हता आणि त्याचे उत्तर ग्रंथालयात पुरते मिळण्यासारखे नव्हते. जोतीरावांच्या घराण्याचे गाव खानवडी हे पुरंदर तालुक्यातच आहे. तेव्हा दोन-तीन सुट्ट्या साधून मी या तालुक्यात आणि पुढे नगरकडे हिंडून आलो.

हडपसर सोडले, फुरसुंगी-वडकी मागे टाकली, की दिवे घाट लागतो. चढता चढता डाव्या-उजव्या वळणांतून खाली मस्तानी तलाव दिसतो. पेशवाईतला हा तलाव म्हणजे डोंगराचे पाणी पायथ्याशीच धरून ठेवण्याची जुनी युक्ती. घाट चढून वर आले, की हवा बदलते आणि जमीनही बदलते. सह्याद्रीच्या माथ्यावर लोणावळ्याला वर्षाकाठी दीडशे इंचांहून अधिक पाऊस पडतो. पुण्याला येईपर्यंत त्याचे अठ्ठावीस-तीस इंच उरतात. आणि पुरंदरच्या पूर्व अंगाला पोहोचेतो ढगांची पोतडी बहुतेक रिकामी झालेली असते. तिथे १५-२० इंच पडला तर शेतकरी समाधान मानतो. तोही अंगात आल्यासारखा चार-सहा दिवसांत पडून मोकळा होतो. खाली हातभर मुरमाड माती, तिच्याखाली काळा खडक. पाणी थांबणार कुठे? ते माती घेऊन कऱ्हेत जाते, कऱ्हा नीरेला मिळते, नीरा भीमेला. आणि पुरंदरची माती पंढरपुराच्याही पुढे जाते. वारकरी निदान परत येतो.

सासवडला सोपानदेवांच्या समाधीचे दर्शन घेऊन पूर्वेकडची वाट धरली. या वाटेवरच्या खानवडीत आता जोतीरावांचे स्मारक आहे. मूळ घराणे साताऱ्याकडच्या कटगुणचे. तिथून खानवडीला आले आणि पुढे पुण्याला गेले. गावाबाहेर उभे राहून शिवार पाहिले, तेव्हा त्या अखेरच्या प्रकरणातली ती यादी मला नव्याने कळली. जोतीराव सांगतात, की बसून असलेल्या शिपायांना आणि पोलिसांना हाताशी धरून सरकारने जागोजाग बांध-ताली घालाव्यात. त्या अशा, की पावसाचे पाणी आधी शेतात मुरेल आणि मग ओढ्यानदीला जाईल. तलाव-नाल्यांत साचलेला गाळ शेतकऱ्याला पूर्वीप्रमाणे फुकट नेऊ द्यावा. गावची गायराने गावाला परत द्यावीत. पाणाड्यांकडून जमिनीतले झरे हुडकवून घ्यावेत, आणि जो शेतकरी आपल्या हिमतीने विहीर पाडील त्याला बक्षीस द्यावे. एकशे चाळीस वर्षांपूर्वीच्या या माणसाला ‘पाणलोट क्षेत्र’ हा शब्द ठाऊक नव्हता, पण पाणलोट ठाऊक होता. शेतावरच्या माती-पाण्याच्या राखणीसाठी सरकारी पैसा खर्च व्हावा, आणि जो नवे काही करील त्याच्या पाठीवर सरकारने थाप मारावी, ही मागणी मराठीत इतक्या स्वच्छपणे त्याआधी कोणी केली असल्याचे माझ्या वाचनात नाही.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर. सरकारने हे केले. उशिरा केले, तुकड्यातुकड्यांनी केले, पण केले. १९४२ साली मुंबई इलाख्यात जमीन-सुधारणेचा कायदा झाला आणि दख्खनच्या माळांवर समपातळीचे बांध पडू लागले. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे दुष्काळी कामांवर आली. त्यातून आकाराला आलेल्या रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. पाझर तलाव, नाला-बांध, समतल चर हे शब्द तेव्हापासून खेड्यातल्या पोराच्याही तोंडी बसले. १९९० पासून याच रोजगार हमीच्या पैशातून शेतकऱ्याच्या बांधावर फळझाडे लागली. पुरंदरच्या माळावरची कित्येक सीताफळे त्या काळची आहेत. धरणातला गाळ शेतात नेण्याची योजना २०१७ साली आली, आणि २०२३ पासून लहान शेतकऱ्याला तो वाहून नेण्यासाठी अनुदानही मिळू लागले. जोतीरावांच्या यादीवर एकेक खूण करीत जावे, तर पुष्कळशा खुणा होतात.

असे असताना माळ उघडे का? फेब्रुवारी उजाडला की टँकर का? याचे उत्तर शोधायला खानवडीहून आणखी पूर्वेला, भुलेश्वराच्या डोंगराच्या अंगाला, नायगावला जावे लागते.

नायगाव हे प्रवासी मंडळींच्या यादीत नसलेले गाव आहे. बाजरी, ज्वारी, हुलगा, मटकी पिकवणारे, घोंगडी पांघरून बसल्यासारखे. या गावात १९७२ च्या दुष्काळानंतर पुण्याचे एक कारखानदार येऊन राहिले. विलासराव साळुंखे हे अभियंते. सूक्ष्म मापाची उपकरणे बनवण्याचा त्यांचा कारखाना. म्हणजे केसाच्या जाडीचा फरकही ज्याच्या नजरेतून सुटायचा नाही असा मनुष्य. दुष्काळी कामे पाहायला म्हणून ते पुरंदरात आले आणि त्यांनी काय पाहिले, तर हजारो माणसे उन्हात बसून खडी फोडताहेत. सरकार मजुरी देत होते, माणसे जगत होती, हे खरेच. पण पुढच्या दुष्काळात याच माणसांनी पुन्हा हीच खडी फोडावी, याखेरीज त्या पैशातून मागे काय राहणार होते? साळुंख्यांनी देवस्थानाची चाळीस एकर पडीक जमीन दीर्घ मुदतीने कसायला घेतली, १९७४ मध्ये ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापन केले, आणि पत्नी कल्पनाताईंसह ते त्या माळावर झोपडी बांधून राहिले. वरच्या उतारावर बांध घातले, पायथ्याशी पाझर तलाव केला, त्याच्या खाली विहीर पाडली आणि तिचे पाणी वर चढवून पिकाला दिले. काही वर्षांत त्या माळावर हिरवे दिसू लागले.

येथपर्यंतची गोष्ट कोणत्याही उद्योगी माणसाची आहे. पैसा, हिकमत आणि चिकाटी असली की एका माळावर हिरवळ उगवते. खरी नवी गोष्ट पुढे आहे. शेजारची गावे म्हणू लागली, आम्हांलाही असे करून द्या. तेव्हा साळुंख्यांनी पाण्याआधी नियम मांडले.

पहिला नियम, योजना गटाची, एकट्यादुकट्याची नाही. दुसरा, पाणी जमिनीच्या मापाने नाही, घरातल्या माणसांच्या संख्येने. माणशी अर्ध्या एकराचे पाणी, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचे. ज्याची जमीन चाळीस एकर त्यालाही अडीचच, आणि ज्याची तीन एकर त्यालाही अडीच. तिसरा, पाण्याचा हक्क माणसाचा, जमिनीचा नाही. जमीन विकली तर तिच्याबरोबर पाणी विकले जात नाही. चौथा, ज्याला जमीनच नाही त्या भूमिहीनालाही पाण्यात वाटा. पाचवा, उसासारखे बारमाही पाणी पिणारे पीक घ्यायचे नाही. आणि सहावा, खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी आधी स्वतः जमा करायचा. शंभर रुपयांची योजना असेल तर वीस रुपये शेतकऱ्यांचे, पन्नास रुपये सरकारी अनुदान, आणि उरलेले तीस प्रतिष्ठानने बिनव्याजी कर्ज म्हणून द्यायचे. पाणी वाटायला गटाने आपला पाटकरी नेमायचा, पंप आणि हिशेब आपण सांभाळायचा. या व्यवस्थेला नाव पडले ‘पाणी पंचायत’.

या नियमांकडे पुन्हा पाहावे. सरकारचा वाटा निम्मा आहे. त्याच्याशिवाय एकही पाइप जमिनीत गेला नसता. पण ज्या कल्पनेमुळे ही योजना लक्षात राहिली ती कल्पना त्या निम्म्यात कुठेच नाही. सरकारी पैशाने पंप आला, जलवाहिनी आली, टाकी आली. ‘माणशी अर्धा एकर’ हे कोणत्याही अंदाजपत्रकात बसणारे काम नव्हते. त्याला सिमेंट लागत नाही, मजूर लागत नाहीत. त्याला फक्त चाळीस एकरवाल्याने अडीच एकरवर राजी व्हावे लागते. आणि दख्खनच्या माळावर याहून महाग काम दुसरे नाही.

त्या काळी एका गटाचे पाटकरी असलेले एक वृद्ध गृहस्थ मला भेटले. वय ऐंशीच्या घरात, डोक्यावर पांढरी टोपी, हातात काठी. आवाज मात्र शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाईल असा. मी म्हटले, “बाबा, माणसं मोजून पाणी द्यायचं, हे लोकांनी ऐकलं कसं?”

“ऐकलं कुठं? भांडली की,” ते हसून म्हणाले. “मोठा जमीनदार म्हनायचा, माझ्या रानातनं पाइप जातोय. धाकला म्हनायचा, माझ्या घरात खानारी तोंडं सात, मग पाचाचंच का? दोन वर्सं नुसती भांडनं झाली, सर. पन वीस रुपये आपल्या कनगीतले गेलेले. फुकटची मोटार जळली तर मानूस सरकारच्या नावानं वरडतो. आपले पैसे गेलेली मोटार जळली, की पंचवीस घरं रात्रीची जागी व्हायची.”

“आणि ऊस?”

“उसाला पाजायचं म्हंजी शेजाऱ्याच्या ताटातली भाकरी वढायची. तवा समद्यांना पटत हुतं.”

‘तवा’ या शब्दावर त्यांनी किंचित जोर दिला. त्यांचा गट आता चालू नाही. पुरंदरात अशा पुष्कळ योजना उभ्या राहिल्या आणि त्यांतल्या सगळ्या टिकल्या नाहीत. विजेची बिले वाढली. धरणाचे पाणी जवळ आले तिथे उसाने जीव ओढला. साळुंखेही २००२ साली गेले. पण बाबांनी मला जे कारण सांगितले ते मी कुठल्या अहवालात वाचले नव्हते. म्हणाले, “पोरं शिकली, पुन्याला गेली. पानी मान्शी ठरलं हुतं. मान्संच गेली, मग पानी कुनाच्या नावानं मोजायचं?”

या प्रश्नावर मी गप्प बसलो. पुण्याला गेलेल्या त्या पोरांपैकी काही माझ्याच वर्गांत बसून गेलेली असणार.

नायगावहून परतताना वाटेत एका शेतकऱ्याचे शेततळे पाहिले. तिशी-पस्तिशीचा, पदवीधर, बोलायला मोकळा. २०१६ साली सरकारने ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आणली. सातबारा आणि आठ-अ जोडून अर्ज करायचा, ठरल्या मापाचे तळे खोदायचे, आणि पन्नास हजारांपर्यंत अनुदान घ्यायचे. २०२२ पासून ती मर्यादा पंचाहत्तर हजार झाली. मूळ योजनेत सर्वांत मोठे तळे तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल. पूर्ण भरले तर सुमारे २२ लाख लिटर पाणी. आपल्या घराच्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी डोळ्यांपुढे आणा, आणि तशा बावीसशे टाक्या एका शेतात मांडा. उतारावरून वाहून जाणारे पावसाचे पाणी त्यात धरावे, आणि पावसाने ओढ दिली की तेच पिकाला द्यावे, अशी मूळ कल्पना. ती उत्तम आहे. कोरडवाहू शेतकऱ्याचे पीक ऐन दाणा भरताना एका पाण्यावाचून जाते. ते एक पाणी घरचे असले तर वर्ष तरते.

परंतु या तळ्याला पाणी आत येण्याचे तोंडच नव्हते. चहूबाजूंनी भराव, आत काळे प्लास्टिक अंथरलेले, आणि काठावर कूपनलिकेचा पाइप सोडलेला. योजनेतच तळ्याचे दोन प्रकार आहेत, पाणी आत-बाहेर जायला वाट असलेले आणि नसलेले. वाट नसलेल्या तळ्यात ओढ्याचे पाणी येणार कुठून? ते भरायचे पंपानेच. मी त्या तरुणाला विचारले, तेव्हा त्याने काही लपवले नाही.

“सर, दिवाळीनंतर बोअरला पाणी असतं, तेव्हाच तळं भरून घ्यायचं. फेब्रुवारीत बोअर आटली की हे पाणी अंजिराला. बाग वाचते.”

“पण जमिनीत होतं ते पाणी वर आणून उन्हात ठेवायचं?”

“मी नाही उपसलं तर शेजारचा उपसणार. खालचं पाणी सगळ्यांचं आहे, तळ्यातलं माझं.”

हा तरुण लबाड नव्हता. त्याच्या डोक्यावर बागेचे कर्ज होते, आणि त्याचा हिशेब त्याच्यापुरता बिनचूक होता. दख्खनच्या उघड्या तळ्यातून वर्षाला पाच-सहा फूट पाणी उन्हानेच उडून जाते. ते त्यालाही माहीत होते. पण जमिनीखालचे पाणी सगळ्यांचे म्हणजे कोणाचेच नाही, आणि तळ्यातले आपले, एवढा एकच नियम चालू असेल तिथे शहाणा मनुष्य दुसरे काय करील? नगर-नाशिककडेही अशी भूजलाने भरलेली तळी जागोजाग दिसतात. पाणी वाचवण्यासाठी दिलेल्या पैशातून पाणी उपसण्याची शर्यत लागते. तळ्याची लांबी-रुंदी मोजायला साहेब येतो. तळे भरले कशाने हे मोजायला कोणी येत नाही. अर्जात तसा रकानाच नाही.

हे सारे ऐकून निराश होऊन घरी यावे, तर पुरंदरच्या उत्तरेला, नगर जिल्ह्यात, याच प्रश्नाचे दुसरे उत्तर आहे. तेही पाहून यावे म्हणून पुढच्या सुट्टीत हिवरे बाजारला गेलो. नगर शहराचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे. तिथून हे गाव सतरा-अठरा किलोमीटर. पाऊस पुरंदरच्या पूर्व अंगाइतकाच तुटपुंजा, माळ तसलेच. १९९० च्या आधी हे गाव दारूच्या भट्ट्यांसाठी प्रसिद्ध होते, आणि सरकारी नोकराची बदली इथे झाली की ती शिक्षा समजत. १९८९ मध्ये पोपटराव पवार हे वाणिज्य शाखेचे द्विपदवीधर तरुण सरपंच झाले. १९९२ साली सरकारने ‘आदर्श गाव योजना’ सुरू केली, तीत १९९४ मध्ये हिवरे बाजार दाखल झाले.

या योजनेची एक गोष्ट मला विशेष वाटली. तिथे सरकारने पैशाआधी व्रत मागितले होते. श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी आणि कुटुंबनियोजन, ही पाच सूत्रे ग्रामसभेने मान्य केली तरच गाव योजनेत. हिवरे बाजारने ती मानली, आणि पुढे शेतीसाठी कूपनलिका खोदायची नाही हे आपले आपण वाढवले. डोंगरावर माथ्यापासून पायथ्यापर्यंत हजारो चर खोदले गेले. ते रोजगार हमीच्या, म्हणजे सरकारच्याच पैशाने. पण चर खोदून झाले की शेळ्या सोडायच्या नाहीत, हे गावाने पाळले, म्हणून त्या चरांवर गवत टिकले. १९९५ मध्ये गावातली १६८ कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती. पंधरा वर्षांत ती तीनवर आली. पोपटरावांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली.

मला तिथे सर्वांत आवडला तो पाण्याचा ताळेबंद. आपल्या घरात पगार झाल्यावर गृहिणी जशी वाण्याचे, दुधाचे, शाळेच्या फीचे पैसे वेगळे काढते आणि उरलेल्यात साडीचा विचार करते, अगदी तसा. पावसाळा संपला की किती पाऊस पडला, विहिरींना किती पाणी आहे, हे मोजतात. आधी माणसांच्या पिण्याचे वेगळे काढायचे, मग जनावरांचे, आणि मग उरलेल्यात कोणती पिके किती घ्यायची हे ग्रामसभेत ठरवायचे. पाऊस कमी झाला तर त्या साली गहू-कांदा कमी. उसाला आणि केळीला पाट सोडून पाणी पाजायचे नाही. ताळेबंद फळ्यावर सर्वांसमोर. ‘खालचं पाणी सगळ्यांचं’ हे पुरंदरचा तो तरुणही म्हणत होता आणि हिवरे बाजारही म्हणते. फरक इतकाच, की इथे ‘सगळे’ वर्षातून एकदा एका जागी बसून हिशेब करतात.

शेतावरच्या संधारणाला पैसा देण्याचा उद्योग आपलेच सरकार करते असे नाही. अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात वादळांनी शेतांची माती आकाशात उडवली, तेव्हा, १९३५ साली, तिथे मृदसंधारणाचे स्वतंत्र खाते निघाले. पुढे २००४ पासून तिथल्या कृषिखात्याने एक निराळी अनुदान-योजना आणली. तिचा पैसा ठरल्या मापाच्या बांधाला नव्हता. माती-पाणी राखण्याची काही नवी रीत कोणी शेतावर करून पाहणार असेल, तर त्या करून पाहण्याला होता. आणि सुरुवातीच्या नियमांत अर्जदारानेही सरकारच्या बरोबरीने आपला वाटा घालावा अशी अट होती. साळुंख्यांचे वीस रुपये मला तिथे आठवले. नवी कल्पना आणि स्वतःचा पैसा ही जोडी जगात बहुधा कुठेही तोडता येत नाही.

आपल्याकडे नवी कल्पना काढणारी माणसे कमी नाहीत. नायगावला ती एका कारखानदाराला सुचली, हिवरे बाजारला एका ग्रामसभेला. आपल्या अनुदानांत जागा आहे ती खड्ड्याला, प्लास्टिकला, पाइपाला. शेजाऱ्याशी केलेल्या कराराला त्यात जागा सापडणे कठीण. आदर्श गावच्या पाच सूत्रांनी ती एकदा दिली होती, आणि त्याचे फळ डोळ्यांसमोर आहे. पंचवीस शेतकरी मिळून म्हणाले, की आम्ही आमच्या विहिरी-कूपनलिकांचे पाणी एकत्र मोजू, माणशी वाटू आणि ऊस लावणार नाही, तर अशा कागदाला शेततळ्याइतके तरी मोल यावे, एवढेच मागणे आहे. खोदकाम त्यांना नंतर देता येईल.

आता हा सारा शेतकऱ्यांचा मामला, आपला त्याच्याशी काय संबंध, असे दिवाळीचा फराळ पुढे घेऊन बसलेल्या वाचकांपैकी कोणी म्हणेल. संबंध आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी आहे. पुरंदर उपसा सिंचन योजनेतून मुळा-मुठेचे पाणी डोंगर चढवून पुरंदरच्या शेतांत नेतात. म्हणजे पुणे शहराने अंघोळी-धुणी करून सोडून दिलेले पाणी विजेवर वर चढते, आणि त्यावर पिकलेली भाजी पुन्हा आपल्या मंडईत येते. आपण नदीत काय सोडतो हे त्यामुळे आपल्याच ताटापाशी येऊन पोहोचते.

दुसरा संबंध याहून थेट आहे. दिवे घाट चढला की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाट्या लागतात. दहा गुंठे, वीस गुंठे, डोंगराचा देखावा, ‘चोवीस तास पाणी’. आपल्यापैकी कित्येकजण निवृत्तीनंतरच्या टुमदार घरासाठी त्या पाट्यांखालचा दूरध्वनी क्रमांक टिपून घेतात. ज्या तालुक्यात चाळीस एकरवाल्याने माणशी अर्ध्या एकराच्या पाण्यावर समाधान मानले, त्याच तालुक्यात शनिवार-रविवारपुरत्या राहणाऱ्या दोन माणसांच्या हिरवळीसाठी आणखी एक कूपनलिका खोदली जाते. पाणी पंचायतीचा तिसरा नियम होता, की जमीन विकली तरी पाणी विकले जात नाही. पाटीवर तर पाणीच आधी विकलेले असते.

कोणी टुमदार घर बांधू नये असे मी म्हणत नाही; मोकळ्या हवेची ओढ कोणाला नसते? पण दलालाबरोबर जमीन पाहून झाली की तिथेच परत फिरू नये. गावात जावे, पारावर बसलेल्या वडीलधाऱ्या माणसांना विचारावे, की इथे उन्हाळ्यात विहिरीला पाणी किती असते, टँकर कोणत्या महिन्यात येतो, आणि या पाण्यात पूर्वी कोणाकोणाचा वाटा होता. सांगणारी माणसे अजून आहेत. त्यांच्या उत्तराला दलालाच्या नकाशात जागा नसते, पण घर बांधण्याआधी ते ऐकून घ्यावे. आणि बांधलेच, तर छपराचे पाणी जमिनीत मुरवावे, हिरवळीऐवजी सीताफळ लावावे. ते झाड माळावरच्या पावसावर जगते आणि फळ देते.